इटालियन केळवण

रविवार, ५ जानेवारी

विम्याच्या एजंटानं दिलेली ही डायरी मी लग्नाच्या याद्यांसाठी काढली होती. पहिल्या पानावर 'मुहूर्त – पाच सवाष्णी' एवढंच लिहून झालं आणि त्यावरून घरात भांडण पेटलं. यादी राहिली बाजूला. कुणाशी तरी बोलल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडायचा नाही, म्हणून इथेच लिहिते. यांच्याशी बोलून उपयोग नाही. रिफायनरीतून रिटायर झाल्यापासून हे कशालाही "असू दे गं" म्हणतात. घराला आग लागली तरी म्हणतील.

झालं असं. आमच्या आकांक्षाचं लग्न सोळा फेब्रुवारीला आहे. त्याच महिन्यात सहा तारखेला घरी वळवटाचा मुहूर्त धरलाय. पाच सवाष्णींनी बसायचं, खिरीसाठी रव्याच्या पिठाचा गव्हाएवढा पहिला गव्हला वळायचा, मग बाकीच्या बायकांनी नखुल्या, मालत्या, बोटवे करायला घ्यायचे. ते सगळं रुखवतात मांडायचं. सासऱ्यांचे आजोबा बडोदे सरकारच्या पागेत होते तेव्हापासून आमच्याकडे हे चुकलेलं नाही. मी मोठ्यानं नावं मोजत होते, तर आकांक्षा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "पहिला गव्हला आत्या करेल."

तिची आत्या म्हणजे माझ्या नणंदबाई, निरुपमा. मी त्यांना वन्सं म्हणते. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, मूलबाळ नाही, तेव्हापासून आमच्याकडे असतात. त्यांच्यासारखं वळवट बडोद्यात कुणाला येत नसेल, हे मी स्वतः चारचौघांत सांगते. घडियाळी पोळीत, गावातल्या त्या जुन्या गल्लीत, राहायचो तेव्हा लग्न कुणाचंही असो, पहिलं बोलावणं वन्संना. पण ते तेव्हा. आता कसं चालेल?

"आत्याच्या हातची पोळी रोज खाता, ती चालते?" आकांक्षानं विचारलं.

"पोळी वेगळी, मुहूर्त वेगळा."

"मग मुहूर्तच नको. आत्या नाही तर मी कोर्टात सही करून येते."

उचलली जीभ लावली टाळ्याला! वन्सं आत मेथी निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "माझ्यावरून भांडू नका गं. मी त्या दिवशी डभोईला जावेकडे जाईन." आवाज अगदी नेहमीचा. आकांक्षानं लॅपटॉप मिटला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आता मी का अडून बसते ते फक्त या वहीला सांगते. माझ्या ताईच्या लग्नात मथुराबाई आत्यानं गडबडीत पहिला गव्हला केला होता. विधवा होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. चौदा महिन्यांत छाणीच्या नाक्यावर ट्रकनं ताईच्या नवऱ्याला उडवलं. मला कळतं हो, ट्रकवाल्याला गव्हल्याचं काय माहीत! पण कळतं आणि तरी भीती जात नाही. एकुलती एक मुलगी आहे माझी.

गुरुवार, ९ जानेवारी

वन्सं रोज दुपारी अडीचला बाहेर जातात. महिना झाला असेल, माझ्या आता लक्षात येतंय. संध्याकाळी सात-साडेसातला येतात. विचारलं तर म्हणतात, "वाचनालयात." पुस्तक मात्र एकही घरात आलेलं नाही. आज त्या आल्या तर पदराला लसणाचा वास. वाचनालयात लसूण?

यांना सांगितलं. "असू दे गं, अक्काला जरा बाहेर पडू दे."

मला वाटतं, त्या रुसल्यात आणि कुठेतरी खोली बघतायत. लग्नाच्या तोंडावर नणंद घर सोडून गेली तर विहिणीला काय तोंड दाखवू? रसिकाताई, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाची, अमोघची आई, बोलायला गोड आहेत, पण गोड बोलणाऱ्यांचीच मला जास्त भीती वाटते.

बुधवार, १५ जानेवारी

काल उत्तरायण. सगळी सोसायटी गच्चीवर, उंधियु, जिलबी, कानठळ्या बसवणारी गाणी. आणि वन्सं दहालाच गायब! मी जिन्यात गाठलं.

"उत्तरायणाला वाचनालय उघडं असतं होय?"

"आज असतं," म्हणाल्या आणि उतरल्यासुद्धा. चौसष्टाव्या वर्षी कसल्या तरातरा चालतात! आधी गुडघे धरून बसायच्या. एवढ्यात काय औषध लागू पडलं कोण जाणे.

आल्या तेव्हा दमलेल्या होत्या पण चेहरा कसा उजळलेला. बाई गं, माझ्या मनात नको ते येऊन गेलं. पुरुषाचं. मग माझीच मला लाज वाटली. तरी ते डोक्यातून जात नाही. दोनदा दूध उतू गेलं.

रविवार, १९ जानेवारी

माझा भाऊ धैर्यशील सकाळी आला. आकांक्षाचा मामा म्हणून केळवण त्याचं, हे ठरलेलंच होतं. मी म्हटलं, तुझ्या बायकोला सांग, नीरजाला, पुरण मी शिजवून देते. तर म्हणतो, "ताई, केळवण इथेच अकोट्यात करू. नवीन इटालियन निघालंय, ऑलिवेतो. अमोघ आणि त्याच्या आईलाही बोलावू."

इटालियन केळवण! ऐकलंय कुणी? केळवण म्हणजे पाट, रांगोळी, पुरणपोळी, वर तुपाची धार. मी खूप बोलले. आकांक्षा मात्र दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "मामा, डन." मग मी गप्प बसले. मुहूर्ताबद्दल ती अजून हटलेली नाही. निदान एका गोष्टीवर तरी हसू दे. तारीख दोन फेब्रुवारी, रविवार दुपार. त्याआधी मी एकदा जाऊन खाऊन बघणार, ही माझी अट.

वन्सं ताटं पुसत होत्या. त्यांच्या हातून एक ताट निसटलं. म्हटलं, "लागलं का?" तर "नाही नाही, कुठे म्हणालीस केळवण?" असं दोनदा विचारलं.

मंगळवार, २१ जानेवारी

गेलो. मी, हे आणि धैर्यशील. सविस्तर लिहिते, कारण डोकं शांत होत नाही.

आत शिरताच एवढा अंधार की यांनी खुर्चीऐवजी कुंडीवर हात टेकला. भिंतींचा गिलावा अर्धा मुद्दाम काढून ठेवलेला. मेनूकार्डात 'जैन' असं प्रत्येक पानावर हिरव्या अक्षरात, ते पाहून जरा धीर आला, म्हटलं बडोद्यातच आहोत. यांनी चष्मा वर-खाली करून शेवटी "आपला साधा पिझ्झा" मागितला. मालक स्वतः टेबलाशी आला. उत्कर्षभाई. पस्तिशीचा असेल, इटलीत शिकून आलाय, पण बोलतो पोळीतल्यासारखं. "केम छो आंटी, तमे आ चाखो," म्हणून त्यानं एक बशी माझ्यापुढे ठेवली.

बशीत बघते तर काय, नखुल्या! अंगठ्याच्या नखानं दाबून केलेल्या, काठ जाड, मध्ये खळगा. तो त्याला ओरेकिएत्ते का काहीतरी म्हणाला, म्हणजे छोटे कान. मी म्हटलं, कान कसले, या आमच्या नखुल्या! खीर करतो आम्ही याची. तुम्ही त्यात लसूण आणि ब्रोकोली घातलीत, एवढंच. तो टाळी देऊन हसला. म्हणाला, "आमच्याकडे एक मासी आहेत, म्हणजे मावशी, रोज दुपारी येऊन हातानं करतात. मशीननं असं येत नाही."

खाल्लं. खरं सांगते, मला फार आवडलं. प्रत्येक नखुली सारखी, एकही फाटलेली नाही. इतकी वर्षं वन्संच्या हातच्या सोडून कुणाच्या नखुल्या मला पटल्या नव्हत्या. म्हटलं, बोलवा त्या मासींना, मला बघायचंय. तो आत गेला आणि मान हलवत आला. "मासी ना पाडे छे, लाजतात." मग मी निरोप पाठवला, सांगा त्यांना, हात सोन्याचे आहेत तुमचे.

रात्री वन्संना मुद्दाम सांगितलं. जरा टोमणाच होता, का मारला कोण जाणे. "त्या बाईचा हात बघा, वन्सं. तुमच्याहून कांकणभर सरसच."

वन्सं पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. "मीठ बरोबर होतं?"

"जरा पुढे होतं."

"मध्ये कच्च्या नव्हत्या ना लागत?"

मी म्हटलं, जरा. त्या म्हणाल्या, "तशाच ठेवतात म्हणे त्यांच्यात." आणि पुढची पोळी टम्म फुगली. केळवणाला त्या येणार नाहीत म्हणाल्या, काम आहे. कसलं काम ते मी विचारलं नाही. सवाष्णींचं जेवण, नाही आल्या तर बरंच, असं मला वाटलं. वाटलं ते लिहिते.

बुधवार, २९ जानेवारी

मागच्या गॅलरीत वन्संच्या साडीखाली एक काळा एप्रन वाळत होता. आकांक्षाचा असेल, ऑफिसात हल्ली काय काय वाटतात. घडी करून तिच्या कपाटात ठेवला.

आज तीन हळदीकुंकवं. वाणात तीन स्टीलच्या वाट्या आणि एक कंगवा. पाय मोडून आलेत. मुहूर्ताला पाच सवाष्णी पक्क्या झाल्या, रसिकाताई स्वतः येणार आहेत. फक्त नवरी नक्की नाही. आकांक्षाला पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा एकच वाक्य सांगितलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं.

सोमवार, ३ फेब्रुवारी, सकाळ

काल रात्री लिहिताच आलं नाही. आत्ता घरात कुणी कुणाशी बोलत नाहीये, त्यामुळे वेळच वेळ आहे.

केळवण छान चाललं होतं. नऊ माणसं. मी इटालियन टेबलाभोवतीही रांगोळीची बोटं ओढलीच, वेटर बाजूनं उड्या मारत जात होते. आकांक्षाला औक्षण केलं, ओटी भरली. नीरजानं जास्तीचा एक खण आणि नारळ आणला होता, तो माझ्या पर्समध्ये. नखुल्यांची बशी आली तेव्हा रसिकाताईंनी एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. "नलिनीताई, हे कोणी केलं? माझ्या आजीच्या हातची चव आहे."

मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू! जणू मीच केल्या होत्या. विहिणीपुढे मिरवायची खुमखुमी आली. मी उत्कर्षभाईला हाक मारली, "त्या मासींना आज बोलवाच. आमच्यात केळवणाचं रांधणारीला रिकामं पाठवत नाहीत, तिची ओटी भरायची असते." पर्समधून खण काढला, नारळ काढला, कोयरीचं झाकण उघडलं. तो आत गेला. बराच वेळ लागला. मी कुंकवाचं बोट तयार ठेवून उभी.

स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि वन्सं बाहेर आल्या.

काळा एप्रन, केसांवर जाळीची टोपी, कोपरापर्यंत पीठ. मी आधी म्हणणार होते, अहो वन्सं, तुम्ही इथे कशा? मग समजलं. सगळं एकदम समजलं. लसूण, उत्तरायण, मीठ. त्या टेबलापाशी येऊन थांबल्या. माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या हातातल्या कोयरीकडे बघत होत्या. "आत्या!" आकांक्षा ओरडली. हे उभे राहिले, पुन्हा बसले.

"आई, लाव ना," आकांक्षा म्हणाली.

माझा हात मागे आला. मी आणला नाही, तो आला. कोयरीचं झाकण लावलं. खण पर्समध्ये गेला, नारळही गेला, आणि चेन लावल्याचा आवाज अख्ख्या हॉटेलात ऐकू आला असेल. उत्कर्षभाई बिचारा विचारतोय, "मासी, तमे ओळखो छो एमने?"

वन्सं म्हणाल्या, "हो, माझ्या घरचीच माणसं आहेत. जेवा गं, गार होतंय." आणि आत गेल्या. त्यांच्यामागून आकांक्षा आत गेली. नवरीच आत! केळवण नवरीशिवाय संपलं. गोडाचं तिरामिसू तिच्या खुर्चीपुढे तसंच राहिलं.

सोमवार, संध्याकाळ

भांडले. राहवलंच नाही. वन्सं घरात शिरताच म्हटलं, "विहिणीसमोर आमची शोभा केलीत! भावाच्या घरात काय कमी होतं म्हणून हॉटेलात पीठ मळायला गेलात? लोक म्हणतील, भावजय जाचते."

वन्सं म्हणाल्या, "मला बोलावलंस तू."

"मला काय माहीत तुम्ही आहात!"

"हो ना," त्या म्हणाल्या आणि हातपाय धुवायला गेल्या. एवढंच. तोंडाला तोंड दिलं असतं तर मी जिंकले असते.

आकांक्षा म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, आई." यांनी आज 'असू दे' म्हटलं नाही. तेही बोलायचे बंद झालेत. त्या एका शब्दाची मला इतकी सवय होती हे माहीत नव्हतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रथसप्तमी. रसिकाताईंचे तीन फोन आले, मी तिन्ही घेतले नाहीत. लग्न मोडलं, हेच ऐकायचं राहिलंय. चौथा घेतला. तर त्या मुहूर्ताला किती वाजता यायचं ते विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, "निरुपमाताई असतील ना हो? मला त्यांच्याकडून नखुल्या शिकायच्यात." मी हो-हो करून फोन ठेवला.

हा टोमणा होता. किती गोड आवाजात मारला! दिवसभर तेच घोळवतेय. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "नलू, सगळेच काही तुझ्यासारखं बोलत नाहीत." याचा अर्थ काय?

पर्समध्ये तो खण आहे. हिरवा, मोरपंखी काठाचा. काढून कपाटात ठेवायला हात होत नाही आणि पर्स उघडली की तो आधी दिसतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज दुपारी साडेतीनला मी एकटी ऑलिवेतोला गेले. एकटी हॉटेलात बसायची ही छप्पन्न वर्षांतली पहिली वेळ. वेटरनं विचारलं, "कितने लोग?" मी म्हटलं, एकच. उगाच चोरी केल्यासारखं वाटलं. नखुल्या मागवल्या.

बशी घेऊन वन्संच आल्या. माझ्यासमोर बसल्या. "दहा मिनिटं सुट्टी आहे," म्हणाल्या. मी खात राहिले. मीठ अगदी बरोबर होतं.

मग मीच विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"दिवाळीत मंडळाच्या स्टॉलवर माझ्या नखुल्या बघून या पोरानं नंबर घेतला. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. अकरा वर्षं तुझं 'मग बघू' ऐकतेय, नलिनी."

मी म्हटलं, त्या दिवशी कुंकवाचं मला सुचलंच नाही, सगळ्यांसमोर...

"कुंकू नकोच होतं मला. खणाचं काय गं? खण द्यायला समोरचीचा नवरा जिवंत असावा लागतो?" त्या चिडून बोलत नव्हत्या, टेबलावरचे ब्रेडचे कण बोटानं गोळा करत होत्या. "मला वाईट कशाचं वाटलं सांगू? मासी होते तोवर हात सोन्याचे होते. तुझी वन्सं निघाले आणि तू चेन लावलीस. परक्या बाईला तू देत होतीस."

मी चमचा बशीत ठेवला. खण पर्समध्येच होता, पायाशी. काढावा असं फार वाटलं. पण हॉटेलात, टेबलाखालून काढून द्यायचा, लाच दिल्यासारखा? आणि उद्याचं विचारायलाच मी आले होते, तेही तोंडून निघेना. ताईचा चेहरा समोर आला. त्या चौदा महिन्यांनंतरचा. मी विचारलं काय, तर, "वन्सं, हे थोडं यांच्यासाठी बांधून मिळेल का?"

वन्सं हसल्या. "मिळेल की." डबा स्वतः भरून आणला. आत जाताना म्हणाल्या, "उद्या मी डभोईला जात नाहीये. ड्यूटी आहे. तुमच्या मुहूर्ताआधी निघेन, काळजी करू नकोस."

रिक्षात मी रडले. रिक्षावाल्यानं आरशात बघून रेडिओ बंद केला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सव्वादोनचा मुहूर्त. दोनलाच सगळ्या जमल्या. नीरजा, शेजारच्या शिवांगीबेन, वरच्या मजल्यावरची एक, रसिकाताई आणि मी. मध्ये सूप, परात, पाट. आकांक्षा आली खरी, पण पाटावर न बसता भिंतीला टेकून हात बांधून उभी. मी तिच्याकडे बघायची आणि ती माझ्याकडे बघायची नाही. भटजींनी फोनवरून वेळ सांगितली होती, ती होत आली. रसिकाताई इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "निरुपमाताई कुठेयत?" आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं तर तिथे टोमणा नव्हताच. शिकायला वहीसुद्धा आणली होती बाईनं.

वन्सं खोलीतून बाहेर आल्या. खांद्याला पर्स. बायकांना वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेनं दाराशी गेल्या आणि चपला पायात सरकवायला लागल्या. अकरा वर्षं त्या प्रत्येक शुभकार्यात अशाच कडेनं जातायत. मी ते रोज बघत होते आणि मला ते दिसलं आज.

मी परात घेऊन उठले. "वन्सं, पहिला तुम्ही करा."

शिवांगीबेनच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. खरं लिहिते, एका मनाला वाटत होतं, नाही म्हणू देत. नाही म्हणाल्या तर मी विचारल्यासारखंही होईल आणि झाल्यासारखंही होणार नाही. भीती तीच, तेवढीच. पण मी परात मागे घेतली नाही.

वन्संनी घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग भिंतीला टेकलेल्या आकांक्षाकडे. पर्स खांद्यावर तशीच. एका पायातली चप्पल काढली, दुसरी तशीच ठेवली, वाकून परातीतलं ज्वारीएवढं पीठ चिमटीत घेतलं आणि उभ्या उभ्या वळलं. एवढासा गव्हला, दोन्ही टोकांना निमुळता. आकांक्षानं धावत सूप पुढे केलं, त्यात तो टाकला. परत थोडं पीठ घेऊन अंगठ्याखाली दाबून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पीठ सैल झालंय, नलिनी. मूठभर रवा घाल आणि दहा मिनिटं ओल्या फडक्याखाली झाकून ठेव. त्याआधी हात लावू नका कुणी."

"आणि मुहूर्त?" नीरजानं विचारलं.

"झाला की," वन्सं म्हणाल्या. चप्पल घातली, सगळ्यांना "आवजो" केलं आणि जिना उतरून गेल्या.

मी रवा घातला, मळलं, फडकं टाकलं. आकांक्षा येऊन पाटावर बसली. आणि आम्ही पाच सवाष्णी परातीभोवती हात मांडीवर ठेवून दहा मिनिटं पूर्ण व्हायची वाट बघत बसून राहिलो.